तिसरी तोनान मारू : एका तेलवाहू जहाजाची युद्धातली हकिकत

वेलदूरचे_नाना

दुसऱ्या महायुद्धावर इथे पुष्कळ धागे आहेत. यामातो, बिस्मार्क, मिडवे, सगळ्यांवर भरभरून चर्चा झालीय. तेलवाहू जहाजांवर मात्र एकही धागा सापडला नाही. माझी सत्तावीस वर्षं अशा जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे ही उणीव मला फार दिवस खुपतेय. म्हणून आज एकाच जहाजाची गोष्ट सांगतो. जपानी जहाज आहे, नाव 'तिसरी तोनान मारू'.

१९३८ साली ओसाकात हे जहाज बांधलं. सुमारे १९,००० टनांचं, म्हणजे त्या काळच्या जपानच्या सर्वांत मोठ्या जहाजांपैकी एक. पण ते युद्धासाठी बांधलेलं नव्हतं. निप्पॉन सुइसान या मासेमारी कंपनीचा तो देवमाशांचा तरंगता कारखाना होता. छोट्या शिकारी बोटींनी अंटार्क्टिकच्या समुद्रात देवमासा मारायचा, तो या जहाजाच्या मागच्या घसरणीवरून वर ओढायचा, डेकवर कापायचा आणि चरबी कढवून तेल पोटातल्या टाक्यांत भरायचं. हे तेल युरोपात जायचं, तिथे त्याचं मार्गारिन व्हायचं आणि जपानला परकीय चलन मिळायचं.

टाक्या आल्या की खनिज तेल आलंच. शिकारीचा हंगाम उन्हाळ्यातले काही महिनेच असतो. उरलेल्या काळात अशी कारखाना-जहाजं अमेरिकेतून खनिज तेल जपानला आणायची. तेव्हा जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतूनच येत होतं. १ ऑगस्ट १९४१ला अमेरिकेने ते बंद केलं. त्यानंतर जपानकडे दोनच वाटा उरल्या. चीनमधून सैन्य मागे घ्यायचं, नाहीतर बोर्निओ, सुमात्रा, जावाचं तेल बळाने घ्यायचं. त्यांनी दुसरी वाट धरली.

१९४१च्या अखेरीस आरमाराने तोनान मारू ताब्यात घेतली आणि लगेच बोर्निओच्या मोहिमेवर धाडली. मिरी आणि सेरियाची तेलक्षेत्रं हेच या मोहिमेचं पहिलं लक्ष्य होतं. तिथून ताफा कुचिंगकडे निघाला. २३ डिसेंबरच्या रात्री के-१४ ही डच पाणबुडी या ताफ्यात शिरली. तिने दोन जहाजं बुडवली आणि दोघांना जखमी केलं. त्या जखमी दोनांपैकी एक आपली तोनान मारू. डचांचे टॉर्पेडो आदळले आणि फुटले, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

डागडुजी करून तिला तेलाच्या वाहतुकीला जुंपलं. आता मुख्य प्रसंग.

२४ जुलै १९४३. तोनान मारू पलाऊ बेटांहून ट्रुककडे निघाली होती. ट्रुक म्हणजे पॅसिफिकमधला प्रवाळांच्या कड्याने वेढलेला विशाल जलाशय, जपानी आरमाराचा मोठा तळ. जपानी संदेशांची लिपी अमेरिकेने फोडलेली असल्यामुळे जहाजाचा मार्ग 'टिनोसा' या पाणबुडीला आधीच कळला होता. कप्तान होते डॅन डॅस्पिट. त्यांनी आधी चार टॉर्पेडो सोडले. आदळल्याचे पाण्याचे फवारे उडाले, पण स्फोट नाही. जहाजाने वेग वाढवून तोंड फिरवलं. डॅस्पिटनी घाईने, तिरक्या कोनातून आणखी दोन सोडले. हे मात्र मागच्या बाजूला लागून फुटले आणि जहाज जागच्या जागी थांबलं.

१९,००० टनांचं जहाज समुद्रात निश्चल, सोबतीला संरक्षक जहाज नाही. डॅस्पिटनी पाणबुडी सावकाश वळवून जहाजाच्या बरोबर काटकोनात आणली. अंतर ८०० मीटर. पुस्तकात आकृती काढून शिकवतात तशी जागा. मग एकेक टॉर्पेडो. सोडायचा, पेरिस्कोपमधून बघायचं, नोंद करायची, पुढचा तपासून घ्यायचा, सोडायचा. जपानी खलाशी डेकवरच्या तोफांनी पेरिस्कोपवर मारा करत होते, तरी हे चालूच. असे नऊ टॉर्पेडो गेले. एकही फुटला नाही. एक तर जहाजाच्या बाजूवर आदळून उजवीकडे वळला आणि माशासारखा पाण्याबाहेर उसळला. शेवटी ट्रुककडून मदत येताना दिसली, तेव्हा डॅस्पिट निघाले. एकूण पंधरा सोडले, सोळावा मुद्दाम ठेवला. तो त्यांनी पर्ल हार्बरला नेऊन वरिष्ठांपुढे ठेवला.

मला इथे जहाजाच्या आतली माणसं दिसतात. इंजिन बंद पडलेलं, पाणी शिरतंय, वाफ गेलीय, दिवे अंधुक. आणि बाहेरून पोलादावर धाड. मग काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा धाड. इंजिनरूममध्ये नुसता एखादा व्हॉल्व्ह आपटला तरी सगळं कवच घंटेसारखं घुमतं, ते मी ऐकलंय. त्यांनी तो आवाज किती वेळा ऐकला असेल, आणि प्रत्येक वेळी श्वास रोखून.

जहाज ओढत ट्रुकला नेलं. ते परत कधी आपल्या इंजिनावर तेल आणायला निघालं नाही. नांगरावर पडूनच ते तेलाचं कोठार झालं. १७ फेब्रुवारी १९४४ला अमेरिकन विमानवाहू जहाजांचा ताफा ट्रुकवर तुटून पडला आणि दोन दिवसांच्या हल्ल्यात चाळीसच्या वर जहाजं बुडाली. त्यात ही होती. शिंकोकू मारू, होयो मारू, फुजिसान मारू ही दुसरी तेलवाहू जहाजंही त्याच पाण्यात गेली. मोठ्या युद्धनौका काही दिवस आधीच तिथून हलवल्या होत्या. मागे राहिली ती बहुतेक मालाची आणि तेलाची जहाजं.

माझं म्हणणं एवढंच आहे. या जहाजाने बुडून अमेरिकेला जेवढा फायदा करून दिला असता, त्याच्या कितीतरी पट जास्त त्या दिवशी न बुडल्यामुळे झाला. कसा, ते कुणी यंत्रातला जाणकार इथे असेल तर त्याने सांगावं. मला ते सांगता येईल, पण त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

---

सांजवात

नाना, सुरेख लिहिलंय. तो 'धाड' वाचताना अंगावर काटा आला. एक शंका. जपानी जहाजांच्या नावात सगळीकडे 'मारू' का असतं? आणि तोनान म्हणजे काय?

---

वेलदूरचे_नाना

सांजवातताई, 'मारू' हा व्यापारी जहाजांच्या नावामागे लावायचा जुना प्रत्यय आहे. आरमाराच्या स्वतःच्या जहाजांना तो नसतो. आरमाराने स्वतः बांधलेल्या तेलवाहू जहाजांची नावं बहुतेक भूशिरांवरून ठेवलेली, उदाहरणार्थ शिरेतोको, इरो, त्सुरुमी. म्हणजे नावात 'मारू' दिसलं की समजायचं, हे जहाज व्यापारातून उचललेलं आहे. आणि जपानी आरमाराची बरीचशी तेलवाहू जहाजं अशी उचललेलीच होती. तीसच्या दशकात सरकारने कंपन्यांना अनुदान देऊन वेगवान टँकर बांधून घेतले. ते शांततेच्या काळात अमेरिकेचं तेल आणायचे. पर्ल हार्बरवर गेलेल्या ताफ्याला वाटेत तेल पाजणारे क्योकुतो मारू, केन्यो मारू, शिंकोकू मारू हे सगळे व्यापारी टँकरच.

'तोनान' म्हणजे दक्षिणेकडे जाण्याचा बेत. एका प्राचीन चिनी कथेत पेंग नावाचा प्रचंड पक्षी आहे. तो पंख पसरून दक्षिण समुद्राकडे झेपावतो, तिथून हा शब्द आला. देवमाशांसाठी अंटार्क्टिकला जाणाऱ्या जहाजाला नाव शोभतं. पुढे त्या दक्षिणेचा अर्थ बोर्निओ-सुमात्रा झाला.

---

लेथवरचा_माणूस

नानांनी हाक मारली म्हणून लिहितोय. पिंपरीत प्रेसटूलच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे हा दोष मला हाताने कळतो.

अमेरिकेच्या मार्क-१४ टॉर्पेडोत एकावर एक असे तीन दोष होते. पहिला, तो ठरवल्यापेक्षा बराच खोल धावायचा आणि जहाजाखालून निघून जायचा. पाणबुडी दलाचे प्रमुख लॉकवूड यांनी १९४२मध्ये ऑस्ट्रेलियात पाण्यात मासेमारीचं जाळं लावलं, त्यात टॉर्पेडो सोडले आणि भोकं कुठे पडली ते मोजलं. जाळ्याने निकाल दिला. दुसरा, चुंबकीय स्फोटक यंत्रणा (जहाजाच्या पोलादाचं चुंबकत्व ओळखून त्याच्याखाली फुटणारी) भलत्या वेळी फुटायची किंवा फुटायचीच नाही. ती १९४३च्या जूनमध्ये अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख निमिट्झ यांच्या हुकमाने बंद केली. हे दोन दोष निघाल्यावर तिसरा उघडा पडला, आणि तो तोनान मारूच्या अंगावर.

नुसत्या धक्क्याने फुटणारी जी साधी यंत्रणा होती, तिच्यातली ठोकणी टॉर्पेडोच्या प्रवासाच्या दिशेला आडवी सरकायची. ठोकणी म्हणजे फायरिंग पिन. ती एका मार्गदर्शक दांड्यावर सरकते. टॉर्पेडो काटकोनात, पूर्ण वेगात पोलादावर आदळला की त्या क्षणी तो दांडाच वाकतो आणि ठोकणी अडकते. जुने टॉर्पेडो तीसेक नॉटने (म्हणजे तासाला तीसेक सागरी मैल) धावायचे, तेव्हा हे निभावलं. मार्क-१४ ४६ नॉटने जायचा. वेग एवढा वाढला की धक्का दुप्पट होतो, हा शाळेतला हिशोब कुणी नव्या वेगासाठी मांडला नाही. आमच्याकडे प्रेसचा वेग वाढवला की गाइडपिन आधी बघतात. शॉपफ्लोअरवरचा पोरगाही बघतो.

आता डॅस्पिटचं बघा. त्यांचे तिरके लागलेले दोन फुटले, कारण तिरक्या माऱ्यात धक्का कमी बसतो. आणि नीट मोजूनमापून, काटकोनात मारलेले नऊच्या नऊ वाया. जितकं काम चोख, तितकी यंत्रणा नापास. म्हणूनच हा प्रसंग पुरावा म्हणून एवढा पक्का ठरला. नऊ वेळा तीच परिस्थिती, तोच निकाल. प्रयोगशाळेतही याहून चांगला प्रयोग मांडता आला नसता.

परत आणलेल्या सोळाव्यात तपासणीत काही वावगं सापडलं नाही. मग ऑगस्ट १९४३च्या अखेरीस हवाई बेटांतल्या काहोलावेच्या उभ्या कड्यांवर खरे टॉर्पेडो मारून पाहिले. पहिले दोन फुटले, तिसरा फुसका निघाला. तो पाण्यातून काढून उघडला. पुढे क्रेनने ९० फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकून चाचण्या केल्या. काटकोनात पडले त्यातले दहापैकी सात नापास. पत्रा तिरका ठेवला की नापासांचं प्रमाण निम्म्यावर. कारण सापडल्यावर उपाय साधा होता, हलकी आणि मजबूत ठोकणी. ती पर्ल हार्बरच्याच वर्कशॉपात बनवली.

---

वेलदूरचे_नाना

लेथवाले साहेब, मनापासून आभार. जाळ्याची परीक्षा मी विसरूनच गेलो होतो.

---

अनघा_पार्ले

तेलवाहू जहाजांचा विषय निघालाच आहे तर हिंदी महासागराबद्दल लिहिते. मार्च १९४२च्या अखेरीस जपानी अॅडमिरल नागुमोंचा विमानवाहू ताफा सेलेबीस बेटावरून निघाला. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, त्याने कोलंबोवर हल्ला केला आणि ९ तारखेला त्रिंकोमालीवर. ब्रिटिशांची हर्मिस ही विमानवाहू नौका, डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या क्रूझर बुडाल्या. ६ एप्रिलला ओझावांच्या दुसऱ्या ताफ्याच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब टाकले. ब्रिटिशांच्या तिथल्या आरमाराचे प्रमुख सॉमरव्हिल यांनी आपल्या आरमाराचा वेगवान भाग तेव्हा मुंबईला आणला. माझी आजी गिरगावात राहायची. खिडक्यांना काळा कागद आणि बंदरात राखाडी जहाजांची गर्दी, हे ती शेवटपर्यंत सांगायची.

मला नेहमी प्रश्न पडायचा की जपान्यांनी इतक्या लांब येऊन लगेच पाठ का फिरवली. पॅसिफिकमधल्या पुढच्या मोहिमा हे मुख्य कारण होतंच. पण एवढा ताफा इतक्या लांब नेऊन आणायचा तर त्याच्या मागे टँकर हवेत, त्यांना भेटीची जागा हवी, समुद्र शांत हवा. नाना, समुद्रात चालत्या जहाजाला तेल देतात तरी कसं, ते सांगा ना.

---

वेलदूरचे_नाना

अनघाताई, आजींची आठवण दिलीत, छान वाटलं.

दोन पद्धती. एक, टँकर पुढे किंवा मागे, मध्ये जाड दोर, दोराबरोबर होज, म्हणजे तेलाची रबरी नळी. दुसरी, दोघे शेजारी शेजारी एकाच वेगाने चालतात आणि होज मधे लोंबतो. डिसेंबरातल्या उत्तर पॅसिफिकमध्ये पर्ल हार्बरच्या ताफ्याने हे केलं. आकागी, सोर्यू, हिर्यू यांचा पल्ला कमी, म्हणून त्यांच्या आतल्या मोकळ्या जागांतसुद्धा तेलाची पिंपं रचून ठेवली होती.

मी स्वतः हे नांगरावर उभं राहून केलंय, दोन जहाजं बाजूला बाजू लावून, मध्ये रबरी फेंडर. तिथेसुद्धा पंपमनची नजर होजवरून हलत नाही. लाट आली की होज पोटातून ताणला जातो, फ्लँजचे बोल्ट कुरकुरतात, आणि खालच्या ट्रेमध्ये एक काळा थेंब पडतो. तो थेंब दिसला की सगळे गप्प होतात. हातात रेडिओ, बोट पंप बंद करायच्या बटणावर. ही शांत पाण्यातली, दिवसाउजेडी गोष्ट झाली. दिवे बंद, धुकं, बारा-तेरा नॉटचा वेग आणि बर्फासारखा वारा, अशात ती माणसं ते करत होती. बाँब टाकणाऱ्या वैमानिकांची नावं इतिहासात राहिली. होज धरणाऱ्याचं नाव कुठेच नाही, ना जपान्यांत, ना अमेरिकनांत.

---

कोकणकडा_७२

भारताचा आणखी एक धागा इथे जोडतो. होकोकू मारू आणि आइकोकू मारू ही जपानची दोन सशस्त्र व्यापारी जहाजं हिंदी महासागरात फिरायची. ९ मे १९४२ला त्यांनी 'गेनोटा' हा डच टँकर पकडला. तो जपानला नेला आणि 'ओसे' नावाने आरमारात तेलवाहू म्हणून घेतला. पुढे ३० मार्च १९४४ला पलाऊच्या हल्ल्यात तो बुडाला.

त्याच दोघींनी ११ नोव्हेंबर १९४२ला कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला 'ओंदिना' हा दुसरा डच टँकर गाठला. या वेळी सोबत होती आपल्या रॉयल इंडियन नेव्हीची छोटी युद्धनौका 'बेंगॉल'. तिच्यावर एकच छोटी तोफ. समोर दहा-दहा हजार टनांची दोन जहाजं, प्रत्येकीवर १४ सेंटिमीटरच्या तोफा. बेंगॉल पळाली नाही, सरळ त्यांच्यावर चालून गेली. बेंगॉल आणि ओंदिनाच्या माऱ्यात होकोकू मारूला आग लागली, स्फोट झाला आणि ती बुडाली. ओंदिनाचा कप्तान मारला गेला, पण टँकर फ्रीमँटलला परत पोचला. बेंगॉलसुद्धा वाचली.

आणि नाना, उरलेली आइकोकू मारू कुठे बुडाली माहितीय? ट्रुकला, १७ फेब्रुवारी १९४४ला, तुमच्या तोनान मारूच्याच पाण्यात.

---

वेलदूरचे_नाना

ही जोडणी माझ्या ध्यानात आली नव्हती. बेंगॉलवर स्वतंत्र धागा काढा, मी वाट बघतो.

---

नौकानयन

लेख आवडला, पण नानांच्या मुख्य मुद्द्याशी माझं जमत नाही. तोनान मारू न बुडल्यामुळे अमेरिकेचा मोठा फायदा झाला, हे जरा ताणलेलं वाटतं. टॉर्पेडोबद्दल कप्तान दीड वर्ष ओरडत होते. लॉकवूडना संशय होताच. डॅस्पिट नसते तर दोन महिन्यांनी दुसरा कुणी पुरावा घेऊन आला असता.

जपानचं तेल तुटण्याचं खरं कारण जपानच्याच घरात होतं. आरमाराला समोरासमोरची मोठी लढाई हवी होती, टँकरला सोबत करणं कमी प्रतीचं काम मानलं गेलं. व्यापारी ताफ्यांच्या संरक्षणाचं स्वतंत्र मुख्यालय त्यांनी नोव्हेंबर १९४३मध्ये काढलं, म्हणजे युद्ध सुरू होऊन जवळपास दोन वर्षं झाल्यावर. तोनान मारू त्या दिवशी एकटी का होती? याच उत्तरात सगळं आलं.

---

वेलदूरचे_नाना

तुमचा दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. एवढं मोठं जहाज एकटं सोडणं हा निर्णय मला आजही कळत नाही.

पहिल्यावर थोडं बोलतो. तक्रारी होत्या, पण टॉर्पेडो बनवणारे सांगायचे की दोष नेम धरणाऱ्याचा. प्रत्येक कप्तान एकटा पडायचा. थांबलेल्या जहाजावर, ८०० मीटरवरून, काटकोनात नऊ वेळा, यात नेम चुकला असं कुणी म्हणूच शकलं नाही. चालत्या जहाजावर असा पुरावा कधी मिळाला नसता. दोन महिने उशीर झाला असता असं तुम्ही म्हणता. त्या दोन महिन्यांत किती टँकर सुखरूप गेले असते, एवढंच मी मोजतोय.

आणि टँकर कमी झाल्यावर काय झालं? तेल आरमाराकडे येईना, म्हणून आरमार तेलाकडे गेलं. १९४४मध्ये मुख्य ताफा सिंगापूरजवळ लिंग्गाला आणि नंतर बोर्निओच्या ईशान्येला तावी-तावीला जाऊन राहिला. जूनमध्ये फिलिपाइन समुद्राच्या लढाईत गेन्यो मारू आणि सेइयो मारू हे दोन टँकर गेले. १९४५च्या मार्चनंतर दक्षिणेचं तेल जपानला पोचणं जवळपास थांबलंच.

---

सांजवात

नाना, शेवटचं विचारते. देवमाशाचं तेल आणि खनिज तेल एकाच टाकीत? आणि ट्रुकला ते जहाज अजून पाण्याखाली आहे का? तिथे पाणबुडे जातात असं वाचलंय.

---

वेलदूरचे_नाना

ताई, टाकी धुवावी लागते. गरम पाण्याचे फवारे, वाफ, मग माणसं आत उतरून कोपरे खरवडतात. आम्ही क्रूडनंतर दुसरा माल घ्यायचा असला की आठवडा त्यातच जायचा. खाली उतरलेल्या माणसाच्या अंगाचा वास पुढचे चार दिवस जात नाही, साबण कुठलाही लावा.

ट्रुकला, ज्याला आता चूक म्हणतात, पाणबुडे जातात ते शिंकोकू मारू बघायला. पर्ल हार्बरच्या ताफ्याला तेल देणारी तीच ती. सरळ उभी बसलीय, सगळीकडे प्रवाळ उगवलेत.

तोनान मारू तिथे नाही. युद्धानंतर जपानमध्ये अन्नाची फार टंचाई होती, म्हणून जपानवर ताबा ठेवणाऱ्या अमेरिकन फौजांचे प्रमुख मॅकआर्थर यांनी १९४६मध्ये अंटार्क्टिकची शिकार पुन्हा सुरू करू दिली. पण युद्धाआधीच्या सहाच्या सहा कारखाना-जहाजांपैकी एकही उरलं नव्हतं. मग उलटा प्रवास झाला. युद्धात घाईने बांधलेला हाशिदाते मारू हा टँकर बदलून त्याचं कारखाना-जहाज केलं. मांस शाळेतल्या मुलांच्या जेवणात जायचं. तेवढ्याने भागेना, तेव्हा १९५१मध्ये तिसरी तोनान मारू ट्रुकच्या तळातून वर काढली. सात वर्षं पाण्यात होती. तीन हजारांहून जास्त किलोमीटर ओढत जपानला आणली, आइओईच्या गोदीत दुरुस्त केली, आणि त्याच वर्षाच्या हंगामात ती अंटार्क्टिकला गेली. नावातला 'तिसरी' काढून टाकला होता, नुसती तोनान मारू. १९७१मध्ये मोडीत काढेपर्यंत ती होती. गोदीत त्या बाजूचे पत्रे ठोकून सरळ करताना, नऊ टॉर्पेडोंचे वळ कुठे कुठे होते, ते तिथल्या फिटरना हाताला लागले असणार.